कांजीचे उच्चार: यादी पाठ करावी, शब्द शिकावेत की अवयव ओळखावेत?

प्रश्न थोडक्यात असा: "एन-४ (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी) झाली आहे. साधारण तीनशे कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) ओळखता येतात. प्रत्येक कांजीचे सगळे ओन (चिनीवरून आलेले) आणि कुन (मूळचे जपानी) उच्चार वहीत लिहून पाठ करतो. यादी घडाघडा म्हणता येते, पण मजकुरात तीच कांजी आली की कोणता उच्चार लावायचा ते कळत नाही. पद्धत बदलावी का? कोणती घ्यावी?"

(जपानी शब्द देवनागरीत देताना लांब 'ओ' आणि लांब 'ए'साठी अवग्रह वापरला आहे: कोऽ, सेऽ. उजळणीच्या कार्डांवर मात्र देवनागरी अजिबात लिहू नका. कारण पुढे येईल.)

पद्धत बदलाच. यादी येते आणि मजकूर येत नाही याचा दोष स्मरणशक्तीकडे जात नाही. "या कांजीचे उच्चार कोणते?" हा प्रश्न वाचताना कधी पडतच नाही. समोर एक शब्द असतो, आणि त्या शब्दात ती कांजी कशी वाचायची एवढंच हवं असतं. तुम्ही सराव केलाय एका प्रश्नाचा आणि परीक्षा होतेय दुसऱ्याची. जेएलपीटीचा कांजीवाचनाचा भागसुद्धा असाच असतो: वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ, आणि हिरागानात (जपानीच्या उच्चारलिपीत) चार पर्याय.

ओन आणि कुन ही भानगड मराठी माणसाला खरं तर परकी वाटायला नको. आपण 'पाणी' पितो, पण शब्द जोडताना 'जलविद्युत', 'जलाशय' म्हणतो. 'हात' घरातला, पण 'हस्ताक्षर', 'हस्तांतर' म्हणताना तो आपोआप 'हस्त' होतो. आता कल्पना करा की 'पाणी' आणि 'जल' या दोहोंसाठी मराठीत एकच चिन्ह आहे. पाण्याची कांजी एकटी आली तर 'मिझु' (कुन), आणि 'सुइदोऽ' (नळाचा पाणीपुरवठा) किंवा 'सुइयोऽबी' (बुधवार) या शब्दांत आली की 'सुइ' (ओन). 'हस्त'चा वापर कुठे करायचा हे कोणी आपल्याला यादीतून शिकवलं नव्हतं. शब्द कानावर पडत गेले आणि ते बसलं.

मग एकूण काम किती? २०१० साली सुधारलेल्या जोऽयोऽ यादीत (रोजच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादी) २१३६ कांजी आहेत. त्यांचे मान्य उच्चार ४३८८: ओन २३५२ आणि कुन २०३६. पहिल्या आकड्याने धडकी भरते, पण भागाकार करून बघा. एका कांजीमागे ओन उच्चार सरासरी १.१ पडतो, म्हणजे बहुतेक कांजींना एकच ओन आहे. गोंधळ घालतात त्या सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या, रोजच्या वापरातल्या कांजी. 'जीवन, जन्म, कच्चं' असे अर्थ असलेली पाच रेघांची कांजी घ्या. तिला ओन दोन (सेऽ, शोऽ) आणि कुन चांगले दहा (इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा वगैरे). तुमच्या तीनशे कांजींत असल्या खोडकर कांजींचं प्रमाण फार जास्त आहे, त्यामुळे पुढच्या अठराशेही अशाच असतील असं वाटतं. तसं नाही. हजाराच्या पुढे उच्चारांचा ताप कमी होत जातो, वाढत नाही.

दोन ओन येतात कुठून? चिनी शब्द जपानमध्ये एकदाच आले नाहीत. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास आलेल्या थराला 'गो-ओन' म्हणतात. सातव्या ते नवव्या शतकात तांग राजवटीच्या राजधानीतून दूत आणि भिक्षूंनी आणलेला तो 'कान-ओन'. 'शोऽ' पहिल्या थरातला, 'सेऽ' दुसऱ्या. त्यानंतरही थोडे सुटे शब्द आले. 'इसु' (खुर्ची) मधला 'सु' आणि 'आंदोन' (कंदील) मधला 'आन' तिथले. हा इतिहास पाठ करायची गरज नाही. एकाच कांजीचे दोन ओन दिसले की त्यामागे तर्क शोधत बसू नये, एवढ्यापुरता तो उपयोगी. 'सेन्सेऽ'मध्ये सेऽ का आणि 'इश्शोऽ' (आयुष्यभर) मध्ये शोऽ का, याला आज लावता येईल असा नियम नाही. शब्द जसा आला तसा घ्यायचा.

म्हणून मुख्य पद्धत शब्दांची. कार्डाच्या पुढच्या बाजूला कांजीत लिहिलेला शब्द, मागे हिरागानात उच्चार आणि अर्थ, खाली एक छोटं वाक्य. एकटी कांजी पुढे ठेवून मागे सगळे उच्चार लिहिलेलं कार्ड करू नका. त्या कार्डाला 'बरोबर' म्हणायचं कधी? पाचपैकी चार आठवले तर? असा अर्धवट निकाल देणारं कार्ड कुठल्याही उजळणी-प्रणालीत कायम घोटाळा करतं.

प्रत्येक कांजीसाठी सुरुवातीला दोन शब्द पुरेत: शक्यतो एक कुन, एक ओन. खाण्याच्या कांजीला 'ताबेरु' आणि 'शोकुजी', नव्याच्या कांजीला 'आताराशीऽ' आणि 'शिनबुन'. तिसरा उच्चार तेव्हाच घ्यायचा जेव्हा तो असलेला शब्द वाचनात खरोखर भेटेल. दिवसाच्या कांजीसारख्या चार-पाच उच्चार असलेल्या कांजीला प्रत्येक उच्चारामागे एक खुंटी द्या: 'माइनिची'तला निची, 'क्यूजित्सु'तला जित्सु, 'हि' एकटा, 'फुत्सुका'तला का. आणि 'निचियोऽबी' (रविवार) हा शब्द तर खास जपून ठेवा. त्यात ही कांजी सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही, पहिल्यांदा 'निची' आणि शेवटी 'बी'. अक्षराला ठरलेला उच्चार नसतो हे एवढ्या एका शब्दात दिसतं.

शब्द निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: आधी कानाला माहीत असलेले शब्द घ्या. एन-४ झालेल्या माणसाला ऐकून दीड-दोन हजार शब्द कळत असतात, पण त्यातले निम्मे कांजीत ओळखता येत नाहीत. 'ब्योऽकी' म्हणजे आजार हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त तो कांजीत जोडायचाय. असं कार्ड दोन-तीन फेऱ्यांत बसतं. याउलट नवी कांजी, नवा उच्चार आणि नवा अर्थ एकाच कार्डावर आले की ते आठ-दहा वेळा चुकतं, आणि मग "मला कांजी जमत नाही" असा निष्कर्ष निघतो. जमत नाही ते तिहेरी ओझं.

आता ध्वनिबदल. हा भाग नियमांनी शिकण्यासारखा आहे, आणि यादीवाले नेमके इथेच वाया जातात. ते 'गाकु'बरोबर 'गाक्' हाही वेगळा उच्चार म्हणून लिहून ठेवतात. गरज नाही. ओन उच्चार एक किंवा दोन मात्रांचा असतो, आणि दुसरी मात्रा फक्त या सातांपैकी एक असते: इ, उ, न, कि, कु, चि, त्सु. (म्हणून 'तामागो'सारखा उच्चार दिसला की तो ओन नाही हे न बघता सांगता येतं.) यातल्या शेवटच्या चार मात्रा पुढच्या व्यंजनाला चिकटतात. 'त्सु' आणि 'चि' यांच्यापुढे क, स, त, ह आला तर द्वित्त होतं: केत्सु + कोन = केक्कोन, झात्सु + शि = झाश्शि. पुढे 'ह' असेल तर द्वित्ताबरोबर तो 'प' होतो: शुत्सु + हात्सु = शुप्पात्सु, हात्सु + ह्योऽ = हाप्प्योऽ. 'कु' मात्र 'क'पुढेच चिकटतो: गाकु + कोऽ = गाक्कोऽ, कोकु + का = कोक्का; पण गाकु + सेऽ = गाकुसेऽ, काही बदल नाही. 'कि' क्वचित चिकटतो, तोही 'क'पुढेच. 'न'नंतरचा 'ह' बऱ्याचदा 'प' होतो: सान + हो = सानपो, शिन + हाइ = शिनपाइ. एवढ्या चार गोष्टींनी यादीतले शेकडो 'वेगळे' उच्चार गळून पडतात.

कुनमधला बदल, म्हणजे दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन घोष होणं (रेन्दाकु), इतका भरवशाचा नाही. ते + कामी = तेगामी, हितो + हितो = हितोबितो. पण दुसऱ्या शब्दात आधीच ग, झ, द, ब यांपैकी काही असेल तर बदल सहसा होत नाही, म्हणून हारु + काझे = हारुकाझे. हा नियम "कधी होत नाही" ते सांगतो. "कधी होतो" याची हमी देत नाही. तिथे शब्दच आठवायचा.

तिसरी पद्धत अवयवांची. तीनशे कांजींच्या टप्प्यावर ती नुकती परवडायला लागते, सहाशेच्या पुढे तिच्याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही. बहुसंख्य कांजी दोन भागांच्या असतात: एक अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा चिनी उच्चाराकडे. गुंडाळण्याची कांजी 'होऽ' वाचतात. तिला हाताचं चिन्ह जोडा, मिठी मारणे: होऽ. पाणी जोडा, बुडबुडा: होऽ. दगड जोडा, तोफ: होऽ. अन्नाचं चिन्ह जोडा, पोट भरून वीट येणे: होऽ. एक उच्चार माहीत असला की बाकीचे फुकट.

सगळी कुटुंबं इतकी सरळ नसतात. निळ्या-हिरव्या रंगाची कांजी 'सेऽ'. तिला पाणी लावलं तर शुद्ध, सूर्य लावला तर निरभ्र, बोलण्याचं चिन्ह लावलं तर विनंती, तिन्ही सेऽ. पण हृदय लावून 'भावना' केली की 'जोऽ' ऐकू येतो. देवळाची कांजी 'जि' तर आणखी बेभरवशी. सूर्य लावून वेळ आणि हात लावून धरणे, दोन्ही जि. पण बोलण्याचं चिन्ह लावून कविता केली की शि, गाईचं चिन्ह लावून 'विशेष' केला की तोकु, आणि वाट पाहण्याच्या कांजीत चक्क ताइ. कारण एवढंच की ही जोडणी प्राचीन चिनी उच्चारांवर झाली आणि नंतर ते उच्चार वेगवेगळ्या वाटांनी गेले.

म्हणून कुटुंबांचे तक्ते आगाऊ पाठ करू नका; तसं केलं तर वहीतली यादी फक्त नव्या वेशात परत येईल. योग्य क्रम उलटा आहे. नवी कांजी दिसली की कोश उघडण्याआधी ओळखीचा अवयव शोधायचा, ओन काय असेल ते मनात म्हणायचं, आणि मगच बघायचं. अंदाज बरोबर आला तर कांजी जवळपास बसलीच. चुकला तर अपवाद म्हणून जास्त लक्षात राहते. एकाच अवयवाच्या तीन कांजी ओळखीच्या झाल्या की त्या एका ओळीत लिहून ठेवा; त्याआधी नाही. आणि हे सगळं ओनपुरतं. कुन हा मूळचा जपानी शब्द, त्याचा या अवयवाशी काही संबंध नाही. मिठी मारण्याचं कुन 'दाकु' आहे. ते 'होऽ'वरून कधीच सापडणार नाही.

कुनसाठी आधार आहे तो ओकुरिगानाचा, म्हणजे कांजीमागे लटकणाऱ्या हिरागानाचा. वरच्या दिशेच्या कांजीमागे 'गेरु' असेल तर आगेरु, 'गारु' असेल तर आगारु, नुसता 'रु' असेल तर नोबोरु. म्हणून कुनचं कार्ड नेहमी पूर्ण क्रियापदाचं करा, कांजीपुरतं कापू नका. सकर्मक-अकर्मक जोडी एकाच दिवशी न घेता तीन-चार दिवसांच्या अंतराने घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी ओकुरिगानाही हात देत नाही. 'इत्ता' (गेला) आणि 'ओकोनात्ता' (केलं) एकसारखेच लिहिले जाऊ शकतात. 'काराइ' (तिखट) आणि 'त्सुराइ' (त्रासदायक) यांचंही तसंच. अशा कार्डांना वाक्य पुढच्या बाजूलाच द्यावं लागतं.

मग राहतात ते तुकडे न पडणारे शब्द: क्योऽ (आज), ओतोना (प्रौढ माणूस), मियागे (प्रवासातून आणलेली भेट). इथे उच्चार पूर्ण शब्दाला चिकटवलेला असतो, कांजीनिहाय वाटणी होतच नाही. जोऽयोऽ यादीच्या जोडपत्रात असे ११६ शब्द आहेत. रट्टा मारायची खरी जागा ही. मिश्र जोडशब्दही थोडे आहेत, आणि ते डोकेदुखीपेक्षा गमतीचे जास्त: जागेच्या कांजीचा 'बाशो'मध्ये ओन येतो आणि 'दाइदोकोरो'मध्ये (स्वयंपाकघर) कुन, दोन्हीकडे जोडीदार उलट जातीचा.

आता देवनागरी का नको ते. द्वित्त आपल्या कानाला सहज कळतं. 'पका' आणि 'पक्का' यात आपण गफलत करत नाही. 'त्सु'सुद्धा 'चमचा'तल्या 'च'मुळे जिभेला परका नाही. आपली खरी कमजोरी स्वरांची लांबी. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो, पण उच्चारात लांबीने अर्थ बदलल्याचं आपल्याला क्वचितच जाणवतं, आणि लांब 'ओ'ला तर वेगळं अक्षरच नाही. जपानीत मात्र 'शुजिन' म्हणजे नवरा आणि 'शूजिन' म्हणजे कैदी. 'ऱ्योकोऽ' म्हणजे प्रवास, 'ऱ्योऽकोऽ' म्हणजे उत्तम स्थितीत. परीक्षेचे चार पर्याय बहुधा याच फरकावर बेतलेले असतात. देवनागरीत 'र्‍योको' असं लिहिलेलं कार्ड वर्षभर बरोबर म्हणत राहाल आणि चूक तशीच पक्की होईल.

यावरचा उपाय टंकलेखनाचा. कार्डाचं उत्तर मनात म्हणण्याऐवजी जपानी कीबोर्डवर लिहा. एक 'उ' कमी पडला की हवी ती कांजी येत नाही, चूक तिथल्या तिथे उघडी पडते. फोनवर शब्द आगाऊ सुचवण्याची सोय मात्र बंद ठेवा. ती अर्ध्या शब्दावरच उत्तर पुढे करते. सगळी कार्डं लिहिण्यात वेळ जातो, तेव्हा नव्या आणि चुकलेल्या शब्दांपुरतंच हे करा.

प्रमाण सांगायचं तर रोज दहा नवे शब्द. महिनाभरात रोजची उजळणी ऐंशी ते शंभर कार्डांवर स्थिरावते. एका कार्डाला दहा सेकंद धरले तर तेरा ते सतरा मिनिटं. त्यावर नव्या शब्दांची दहा मिनिटं आणि फुरिगाना (कांजीवर छापलेला हिरागानातला उच्चार) झाकून वीस मिनिटं वाचन. पहिल्या आठवड्यात उजळणी कमी असते, म्हणून लोक नवे शब्द पंचवीसवर नेतात. पाचव्या आठवड्यात रोजची दोन-अडीचशे कार्डं समोर येतात आणि सगळंच सुटतं. एकदा तुंबलं तर नवे शब्द शून्यावर आणून आधी साचलेलं संपवा. आन्की (उजळणी-कार्डांचं अ‍ॅप) वापरत असाल तर किती कार्डं आठवावीत याचं लक्ष्य ९० टक्क्यांवर, मूळ आहे तिथेच राहू द्या. त्यात एखादं कार्ड आठदा विसरलं की त्यावर खूण लागते, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूला टाकलं जातं. ते परत ढकलत आणू नका. त्या कांजीचा दुसरा, सोपा शब्द निवडा. बहुतेक वेळा कांजी अवघड नसते, शब्द अनोळखी असतो.

फुरिगाना झाकायचा म्हणजे खरोखर झाकायचा. वर हिरागाना दिसत असेल तर डोळा खालच्या कांजीकडे वळतच नाही. परिच्छेद आधी फुरिगानाशिवाय वाचा, अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीने खूण करा, मगच उच्चार बघा.

दोन पद्धतींबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून लिहितो. आधी सगळ्या कांजींचे फक्त अर्थ, उच्चार नंतर: सारख्या दिसणाऱ्या कांजी वेगळ्या ओळखण्यासाठी ती चांगली आहे, पण दोन हजार कांजी होईपर्यंत एकही शब्द वाचता येत नाही आणि बहुतेक जण मध्येच गळतात. तीनशे कांजी येत असलेल्याने तिकडे वळू नये. दुसरी, उच्चारासाठी गोष्ट रचण्याची. कुनला ती चालते, कारण 'कामिनारी' (वीज) सारख्या शब्दाला स्वतःचा आकार असतो. ओनला फार काळ चालत नाही. 'कोऽ' वाचल्या जाणाऱ्या कांजी जोऽयोऽ यादीतच साठच्या आसपास आहेत. एका 'कोऽ'च्या साठ गोष्टी डोक्यात ठेवण्यापेक्षा साठ शब्द ठेवणं स्वस्त पडतं.

शेवटी वहीचं काय करायचं. फेकू नका, पण तिच्यावरून पाठांतरही करू नका. प्रत्येक कांजीसमोरच्या उच्चारांपैकी ज्याला तुम्हाला आत्ता, न बघता, एक तरी शब्द सांगता येतो त्याच्यापुढे तो शब्द लिहा. ज्याला सांगता येत नाही त्यावर आडवी रेघ मारा. तो उच्चार असलेला शब्द वाचनात भेटला की रेघ खोडून शब्द लिहायचा. पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक वही रेघांनी भरली तर घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच रेघा एन-२ पर्यंत तशाच राहतात.